रिस्पॉन्स गेल्यानंतरचा लॉग: जँगोमध्ये कोड नेमका कुठे टाकायचा?

जँगो या पायथनमधल्या वेब चौकटीवर साइट उभी राहते, पानं दिसायला लागतात, आणि मग कुणीतरी विचारतं, "हे पान यायला किती वेळ लागतो? ती मोठी फाइल किती जण अर्धवट सोडतात?" तेव्हा लॉग आठवतो. नवखा माणूस शोधाशोध करतो, मिडलवेअरचं (प्रत्येक विनंती आणि उत्तर ज्यातून जातं त्या मधल्या थराचं) एखादं उदाहरण सापडतं, ते चिकटवलं की काम झालं असं वाटतं. साध्या पानांपुरतं ते होतंही. पण मिडलवेअरमधला लॉग रिस्पॉन्स (सर्व्हरचं उत्तर) तयार झाल्यावरचा असतो, गेल्यावरचा नाही. पत्र पेटीत टाकलं म्हणजे पोचलं असं आपण म्हणत नाही. इथे तर पत्र अजून पाकिटातसुद्धा गेलेलं नसतं.

जँगो ही चौकट अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झाली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. बातमीचं पान एका झटक्यात तयार होतं आणि एका तुकड्यात जातं. तिथे 'तयार झालं' आणि 'गेलं' यांत जवळपास काहीच अंतर नसतं, त्यामुळे मिडलवेअरमधला लॉग खपून जातो. अंतर पडतं ते तुकड्यातुकड्याने जाणाऱ्या रिस्पॉन्समध्ये. २०१३ च्या १.५ आवृत्तीत स्ट्रीमिंगएचटीटीपीरिस्पॉन्स आला तेव्हा जँगोला स्वतःचा 'रिक्वेस्ट संपली' हा सिग्नलसुद्धा पुढे सरकवावा लागला.

पुढे कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरायचं, हे वेगळं सांगायला नको.

## पायरी १: 'नंतर' म्हणजे कशाच्या नंतर, हे आधी ठरवा

समजा तुमच्याकडे एक व्ह्यू (विनंती घेऊन उत्तर देणारं फंक्शन) आहे, जो लाखभर नोंदी सीएसव्ही फाइल म्हणून देतो. सगळं एकदम मेमरीत घ्यायला नको म्हणून तुम्ही जनरेटर (मागेल तसा एकेक तुकडा देणारं फंक्शन) लिहिलात आणि तो स्ट्रीमिंग रिस्पॉन्समध्ये गुंडाळून परत केलात. व्ह्यू तीन मिलिसेकंदांत परततो. जनरेटरची पहिली ओळसुद्धा अजून चाललेली नसते, डेटाबेसला एकही क्वेरी गेलेली नसते. रिस्पॉन्स मिडलवेअरच्या साखळीतून बाहेर येतो आणि तुमचा लॉग लिहितो: स्टेटस २००, वेळ ३ मिलिसेकंद.

खरं काम यानंतर सुरू होतं. सर्व्हर एकेक तुकडा मागतो, जनरेटर एकेक नोंद काढतो. समजा विसाव्या सेकंदाला एका नोंदीत तारखेच्या जागी रिकामी किंमत निघाली आणि जनरेटर एक्सेप्शन देऊन कोसळला. वापरणाऱ्याच्या हाती अर्धी फाइल आली. तुमच्या लॉगमध्ये मात्र तीच ओळ: २००, ३ मिलिसेकंद. तक्रार आली की तुम्ही लॉग उघडणार आणि "आमच्याकडून तर सगळं ठीक दिसतंय" असं उत्तर देणार.

म्हणून कोड लिहायच्या आधी हे चार क्षण वेगळे ओळखा. पहिला, व्ह्यू परतला तो क्षण. टेम्प्लेटरिस्पॉन्स वापरत असाल तर तेव्हा एचटीएमएलही तयार झालेलं नसतं. दुसरा, मिडलवेअरची साखळी संपली तो. तिसरा, सर्व्हरने शेवटचा तुकडा सॉकेटवर लिहिला आणि रिस्पॉन्सचं क्लोज बोलावलं तो. चौथा, वाचकाच्या ब्राउझरमध्ये शेवटचा बाइट पडला तो. हा चौथा क्षण तुमच्या पायथन कोडला कधीच कळत नाही, त्यामुळे त्यामागे धावू नका. आपल्याला हवा आहे तो तिसरा.

## पायरी २: पुढच्या सर्व्हरचा लॉग आधी वापरून पाहा

बरेच जण ही पायरी गाळतात आणि दोनशे ओळींचा कोड लिहून बसतात. जँगोच्या पुढे एन्जिनएक्स (वाचकाची विनंती आधी घेऊन ती ॲपकडे पाठवणारा प्रॉक्सी सर्व्हर) असेल तर तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याच ॲक्सेस लॉगमध्ये मिळतात. एन्जिनएक्स ही ओळ विनंतीचं सगळं काम उरकल्यावरच लिहितो. लॉग_फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट_टाइम, अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम, स्टेटस आणि बॉडी_बाइट्स_सेंट हे चार चल घाला. रिक्वेस्ट_टाइम म्हणजे वाचकाकडून पहिला बाइट वाचल्यापासून शेवटचा बाइट त्याच्याकडे पाठवून लॉग लिहीपर्यंतचा काळ. अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम म्हणजे तुमच्या जँगोकडून उत्तर मिळायला लागलेला काळ.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की खूप कळतं. एन्जिनएक्समध्ये प्रॉक्सी बफरिंग मुळातच चालू असतं. म्हणजे तो तुमच्या ॲपकडून उत्तर भराभर ओढून घेतो, मेमरीत मावलं नाही तर तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवतो, आणि वाचकाला त्याच्या वेगाने देत राहतो. ॲपच्या दृष्टीने काम दोन सेकंदांत संपलेलं असतं, वाचक मात्र मोबाइलवर अजून अर्ध्या मिनिटाच्या वाटेवर असतो. दुसरा आकडा छोटा आणि पहिला मोठा असेल तर तुमच्या कोडवर राग काढण्यात अर्थ नाही. उत्तर जायला सुरुवात होण्याआधीच वाचकाने टॅब बंद केला तर स्टेटसच्या जागी ४९९ दिसतो; हा एन्जिनएक्सचा स्वतःचा आकडा आहे, तुमचं ॲप तो पाठवत नाही.

इथेच आणखी एक काम उरकून घ्या. रिक्वेस्ट_आयडी नावाचा चल एन्जिनएक्समध्ये १.११.० आवृत्तीपासून आहे. प्रत्येक विनंतीला तो ३२ अक्षरी ओळख देतो. ती लॉगमध्ये लिहा आणि प्रॉक्सी_सेट_हेडर वापरून ॲपलाही एक्स-रिक्वेस्ट-आयडी म्हणून पाठवा. पुढे दोन्हीकडचे लॉग जुळवायचे झाले तर याच धाग्याने जुळतील. वेळेवरून जुळवायचा प्रयत्न केलात तर गर्दीच्या वेळी फसाल.

कोणत्या वापरकर्त्याने, कोणत्या व्ह्यूमधून, किती क्वेरी करून हे पान घेतलं, हे मात्र एन्जिनएक्सला माहीत नसतं. त्यासाठी पुढे जायचं.

## पायरी ३: मिडलवेअरमध्ये फक्त माहिती गोळा करा

इथे आपण लॉग लिहिणार नाही. मिडलवेअरचं काम एवढंच: जी माहिती जँगोच्या आतच कळते ती टिपून ठेवायची.

ठेवायची कुठे? जँगो डब्ल्यूएसजीआयवर (पायथनमधल्या वेब सर्व्हर आणि ॲप यांच्यातल्या करारावर) चालत असेल तर रिक्वेस्ट.मेटा आणि सर्व्हरने दिलेली एन्व्हायरन ही डिक्शनरी एकच असते, प्रत नसते. म्हणजे मिडलवेअरने रिक्वेस्ट.मेटामध्ये 'माझीसाइट.व्ह्यू' अशी की टाकली तर ती जँगोच्या बाहेरच्या थरालाही दिसते. जागतिक चल नको, थ्रेड-लोकल नको. कीला स्वतःच्या साइटचं नाव जोडा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कीवर पाय पडणार नाही.

व्ह्यूचं नाव रिक्वेस्ट.रिझॉल्व्हर_मॅचमधून मिळतं, पण गेट_रिस्पॉन्स बोलावल्यानंतर. आधी विचारलंत तर तिथे काहीच नसतं, कारण यूआरएल अजून जुळवलेला नसतो. आणि ४०४ असेल तर नंतरही ते रिकामंच राहतं, तेव्हा तपासून मगच नाव काढा.

वापरकर्त्याच्या बाबतीत एक खाच आहे, आणि ती सहजासहजी लक्षात येत नाही. रिक्वेस्ट.यूजर हा आळशी ऑब्जेक्ट असतो. त्याला हात लावेपर्यंत सेशन वाचलं जात नाही. तुमचं मिडलवेअर यादीत सेशनमिडलवेअरच्या खाली असेल आणि ते प्रत्येक विनंतीला रिक्वेस्ट.यूजरला हात लावत असेल, तर प्रत्येक विनंतीत सेशन वाचलं गेलं असं सेशनमिडलवेअर धरतं. मग ते रिस्पॉन्सवर 'व्हेरी: कुकी' हेडर चढवतं, आणि जी सार्वजनिक पानं पुढचा कॅशे सर्वांना एकच प्रत देऊन भागवत होता ती प्रत्येक कुकीसाठी वेगळी होऊन बसतात. नुसता लॉग जोडला आणि साइट मंदावली, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

उपाय सोपा आहे. तुमचं मिडलवेअर यादीत सेशनमिडलवेअरच्या वर ठेवा आणि यूजरची ओळख गेट_रिस्पॉन्स परतल्यावर वाचा. यादीत जे वर ते बाहेरचं; परतीच्या वाटेवर सेशनमिडलवेअरचं काम तोवर झालेलं असतं आणि हेडर चढत नाही. स्थिर फाइलींसारख्या काही वाटांवर रिक्वेस्टला यूजर हा गुणधर्मच नसू शकतो, म्हणून तो आहे का ते आधी बघा. आणि काढायची ती प्राथमिक की, अख्खा ऑब्जेक्ट नाही. हे मूल्य इथेच काढून ठेवायचं, शेवटच्या क्षणावर ढकलायचं नाही. क्लोजच्या वेळी जँगो जुनी डेटाबेस कनेक्शनं आवरून घेतो. त्यानंतर तुम्ही यूजरला हात लावलात तर नवं कनेक्शन उघडतं आणि पुढची विनंती येईपर्यंत तसंच लटकत राहतं.

## पायरी ४: लिहिण्याची जागा, क्लोज

आता मुख्य काम. पायथनमध्ये वेब सर्व्हर आणि ॲप यांच्यातला डब्ल्यूएसजीआय हा करार पेप ३३३३ या दस्तऐवजात आहे. त्यातला एक नियम आपल्याला नेमका हवा आहे: ॲपने परत केलेल्या इटरेबलला (ज्यातून एकेक तुकडा काढता येतो त्या वस्तूला) क्लोज नावाची मेथड असेल तर विनंती संपल्यावर सर्व्हरने ती बोलावलीच पाहिजे, मग काम नीट पूर्ण झालेलं असो, मध्येच त्रुटी आलेली असो, की वाचक उठून गेलेला असो. 'रिस्पॉन्सनंतर' या शब्दाला याहून पक्की जागा डब्ल्यूएसजीआयमध्ये नाही.

तुमच्या प्रकल्पात डब्ल्यूएसजीआय डॉट पीवाय नावाची फाइल असते. तिच्यात शेवटी गेट_डब्ल्यूएसजीआय_ॲप्लिकेशन बोलावून मिळालेली वस्तू ॲप्लिकेशन या नावात ठेवलेली असते. आपला थर तिच्याभोवती बसवायचा. त्यासाठी दोन छोटे क्लास पुरतात.

पहिला क्लास ॲपसारखा वागतो: एन्व्हायरन आणि स्टार्ट_रिस्पॉन्स घेतो. तो सुरुवातीची वेळ टाइम.मोनोटॉनिकने टिपतो. साधं टाइम.टाइम वापरू नका. सर्व्हरचं घड्याळ मध्येच दुरुस्त झालं तर उणे सेकंदांचे लॉग पाहायला मिळतात. मग स्टार्ट_रिस्पॉन्सला स्वतःच्या फंक्शनमध्ये गुंडाळतो, जे स्टेटसची ओळ लक्षात ठेवतं आणि मूळ फंक्शनला सगळं जसंच्या तसं पुढे देतं, तिसरं एक्सेप्शनचं आर्ग्युमेंटसुद्धा. त्रुटी आली तर हे फंक्शन दुसऱ्यांदा बोलावलं जाऊ शकतं, म्हणून शेवटचं स्टेटस खरं माना. शेवटी आतल्या ॲपचा निकाल दुसऱ्या क्लासच्या हवाली करून तो परत करतो.

दुसरा क्लास म्हणजे बॉडीभोवतीचं वेष्टण. त्यात तीन गोष्टी. इटरेशन करताना प्रत्येक तुकड्याची लांबी बेरजेत धरायची आणि तुकडा लगेच पुढे द्यायचा. साठवून ठेवायचा नाही, जोडायचा नाही. तुकडे संपले की 'पूर्ण' हा झेंडा खरा करायचा. मध्येच एक्सेप्शन आलं तर त्याचा प्रकार टिपून ते तसंच पुन्हा वर फेकायचं, गिळायचं नाही. आणि क्लोजमध्ये आधी आतल्या इटरेबलचं क्लोज असेल तर ते बोलवायचं, मग फायनलीच्या आत लॉग लिहायचा. आतलं क्लोज विसरलात तर जँगोचा रिक्वेस्ट_फिनिश्ड सिग्नल सुटत नाही, डेटाबेसची कनेक्शनं आवरली जात नाहीत, आणि थोड्या दिवसांनी डेटाबेस "खूप कनेक्शनं झाली" म्हणून तुम्हाला हाकलतो. लॉगच्या नादात साइट पाडायची तर ही सर्वांत सोपी वाट.

स्टेटस वाचायचं तेही क्लोजमध्येच. काही ॲप पहिला तुकडा मागितल्यावरच स्टार्ट_रिस्पॉन्स बोलावतात. घाईने वाचलंत तर रिकामं मिळेल.

आता त्या सीएसव्हीची ओळ बघा. स्टेटस २००, पूर्ण नाही, त्रुटी टाइपएरर, वेळ २० सेकंद, बाइट अमुक, व्ह्यू अमुक, यूजर अमुक. स्टेटस २०० च राहणार, कारण हेडर कधीच निघून गेलेलं असतं आणि ते परत बोलावता येत नाही. म्हणूनच 'पूर्ण' हा रकाना मला स्टेटसइतकाच महत्त्वाचा वाटतो.

वाचक मध्येच निघून गेला तर? सर्व्हर पुढचा तुकडा लिहायला जातो, तुटलेल्या कनेक्शनवर लिहिणं फसतं, तो तुकडे मागणं थांबवतो आणि क्लोज बोलावतो. तेव्हा ओळीत त्रुटी नसते पण 'पूर्ण'ही नसतं. छोट्या पानांत हे दिसणार नाही, कारण सगळा मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये एका दमात मावतो आणि वाचक गेल्याचं कुणाला कळतच नाही. पुढे एन्जिनएक्सचं बफरिंग असेल तर हा झेंडा आणखी आशावादी होतो. त्याचा अर्थ 'सर्व्हरला सगळं दिलं' इतकाच घ्या.

एक अपवाद सांभाळा. फाइलरिस्पॉन्स देताना जँगो सर्व्हरचा फाइल_रॅपर वापरतो, आणि गनिकॉर्नसारखा सर्व्हर तो ओळखून फाइल थेट कर्नलकडून पाठवतो. तुमच्या वेष्टणात गुंडाळलं की सर्व्हरला तो ओळखू येत नाही आणि फाइल पुन्हा पायथनमधून तुकड्यातुकड्याने जायला लागते. म्हणून निकाल एन्व्हायरनमधल्या फाइल_रॅपरचाच असेल तर तो तसाच परत करा आणि त्या वाटेचा हिशेब एन्जिनएक्सच्या लॉगवर सोडा.

## मग तो सिग्नल कशासाठी आहे?

रिक्वेस्ट_फिनिश्ड हाही क्लोजच्याच वेळी सुटतो, म्हणजे क्षण बरोबर आहे. अडचण ही की त्याच्याबरोबर रिक्वेस्ट येत नाही, रिस्पॉन्सही येत नाही. येतो फक्त हँडलरचा क्लास. कुठली विनंती संपली हेच कळत नसेल तर लॉगमध्ये लिहिणार काय? 'आत्तापर्यंत इतक्या विनंत्या झाल्या' असा मोजणारा आकडा वाढवायचा किंवा काही साफसफाई करायची, तर तो चांगला. त्यात रिक्वेस्ट घुसवायला थ्रेड-लोकलची कसरत केलेले नमुने सापडतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

रिस्पॉन्स ऑब्जेक्टच्या आत अंडरस्कोरने सुरू होणारी एक यादी असते, जिच्यात क्लोजच्या वेळी चालायची फंक्शनं टाकता येतात. काम होतं, पण ती जँगोची खासगी गोष्ट आहे आणि तिचं नाव आवृत्तीबरोबर बदललेलं आहे. शिवाय तिथे उडालेलं एक्सेप्शन चुपचाप गिळलं जातं. तुमचा लॉग बंद पडला तरी पत्ता लागणार नाही.

## पायरी ५: लिहिणं स्वस्त ठेवा

वाचकाला उत्तर मिळालं, आता लॉगला हवा तेवढा वेळ घ्यावा, असा समज असतो. तो चुकीचा आहे. गनिकॉर्नचा सिंक वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रोसेस) एका वेळी एकच विनंती हाताळतो, आणि क्लोज परतेपर्यंत तो मोकळा होत नाही. क्लोजमध्ये बसून दूरच्या लॉग सेवेला दोनशे मिलिसेकंदांची विनंती पाठवलीत तर या वाचकाला काही वाटणार नाही, पण त्याच्या मागे रांगेत उभा असलेला तेवढा वेळ ताटकळेल.

पायथनच्या लॉगिंग.हँडलर्समध्ये क्यूहँडलर आणि क्यूलिसनर ही जोडी ३.२ पासून आहे. हँडलर नोंद रांगेत टाकून लगेच परततो, लिसनर वेगळ्या थ्रेडवर ती खरोखर लिहितो. गनिकॉर्न प्रीलोडवर (ॲप मूळ प्रोसेसमध्ये एकदाच चढवून मग फोर्क करून, म्हणजे तिच्या प्रती काढून, वर्कर बनवणं) चालवत असाल तर एक लक्षात ठेवा: मूळ प्रोसेसमध्ये सुरू केलेला थ्रेड फोर्क झाल्यावर वर्करमध्ये येत नाही. रांग भरत राहते, उपसणारं कुणी नसतं. लिसनर पोस्ट_फोर्क हुकमध्ये सुरू करा आणि वर्कर बंद होताना त्याचं स्टॉप बोलवा, म्हणजे रांगेत उरलेलं वाहून जाणार नाही.

फाइलमध्येच लिहायचं असेल तर अनेक वर्करनी मिळून एका रोटेटिंगफाइलहँडलरवर लिहू नये. पायथनचं लॉगिंग अनेक प्रोसेसनी एकाच फाइलमध्ये लिहिण्याची हमी देत नाही. फाइल फिरवायच्या वेळी ओळी हरवतात. सर्वांत निवांत उपाय म्हणजे स्टँडर्ड आउटपुटवर लिहून पुढचं सिस्टिमवर सोडणं.

प्रत्येक ओळ जेसनमध्ये लिहा. सोय आहेच, पण त्याहून मोठं कारण सुरक्षेचं आहे: यूआरएल किंवा यूजर-एजंटमध्ये कुणी नवी-ओळ हे चिन्ह घुसवून तुमच्या लॉगमध्ये खोटी ओळ उभी करू शकतो. जेसनमध्ये ते चिन्ह निष्प्रभ होतं. कुकी, ऑथरायझेशन हेडर, पासवर्ड रीसेटच्या दुव्यातलं टोकन यांतलं काहीही लॉगमध्ये जाता कामा नये; क्वेरी स्ट्रिंग अख्खी लिहायची सवय असेल तर ती आजच सोडा. पुढे प्रॉक्सी असताना रिमोट_ॲडर म्हणजे प्रॉक्सीचाच पत्ता असतो. आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉर कुणीही मनाने भरून पाठवू शकतो, तेव्हा तुमच्या स्वतःच्या प्रॉक्सीने जोडलेलाच भाग खरा माना.

## पायरी ६: मोडून बघा

जँगोचा टेस्ट क्लायंट तुमच्या डब्ल्यूएसजीआय फाइलमधून जातच नाही, तो स्वतःचा हँडलर वापरतो. टेस्ट हिरव्या दिसतील आणि वेष्टण एकदाही चाललेलं नसेल. त्याची टेस्ट वेगळी लिहा: दोन तुकडे देणारं खोटं ॲप बनवा, ते वेष्टणात घाला, एकच तुकडा घेऊन क्लोज बोलवा आणि 'पूर्ण' खोटं आलं का बघा. वेष्टण करार पाळतं की नाही हे तपासायला पायथनमध्येच डब्ल्यूएसजीआयरेफ.व्हॅलिडेट आहे, खोटं ॲप आणि वेष्टण त्याच्यातून एकदा फिरवून घ्या. रनसर्व्हर मात्र सेटिंग्जमध्ये नोंदलेल्या त्याच फाइलमधलं ॲप्लिकेशन उचलतो, त्यामुळे हाताने तपासायला तो चालतो.

हाताने तपासताना सेकंदाला एक असे दहा तुकडे देणारा व्ह्यू लिहा. कर्ल या कमांडला बफर न करण्याचा पर्याय देऊन एकदा तो पूर्ण घ्या, एकदा चौथ्या सेकंदाला कंट्रोल-सी दाबा, आणि एकदा पाचव्या तुकड्यावर मुद्दाम एक्सेप्शन उडवा. तिन्ही वेळा नेमकी एक ओळ यायला हवी. दोन आल्या तर तुमचं क्लोज दोनदा बोलावलं जातंय; लिहून झालं की झेंडा लावा. एकही आली नाही तर मध्ये बसलेलं कुठलं तरी दुसरं वेष्टण क्लोज पुढे देत नाही. हा रोग जुना आहे: यूडब्ल्यूएसजीआयच्या १.२.६ पूर्वीच्या आवृत्त्या क्लोज दर वेळी बोलावत नव्हत्या, आणि तशी नोंद जँगोच्या कागदपत्रांनी केली होती.

## एएसजीआयवर असाल तर

एएसजीआय म्हणजे डब्ल्यूएसजीआयचा असिंक्रोनस भाऊ. वरचं वेष्टण तिथे लागू नाही, पण कल्पना तीच. ॲपला दिलेलं सेंड हे फंक्शन गुंडाळा. 'एचटीटीपी.रिस्पॉन्स.स्टार्ट' या संदेशात स्टेटस असतं, 'एचटीटीपी.रिस्पॉन्स.बॉडी' या संदेशात मोअर_बॉडी खोटं असेल किंवा नसेलच, तर तो शेवटचा तुकडा. वेळ तिथेच टिपा. आतलं ॲप परतेपर्यंत थांबून वेळ मोजलीत तर फास्टएपीआयमध्ये घोटाळा होतो, कारण रिस्पॉन्सला जोडलेली बॅकग्राउंड कामंही त्या आधीच चालतात आणि त्यांचा वेळ पानाच्या नावावर चढतो.

## जँगोच नसेल तर

फ्लास्कमध्ये आफ्टर_रिक्वेस्ट म्हणजे जँगोच्या मिडलवेअरसारखाच दुसरा क्षण. टीअरडाउन_रिक्वेस्ट हे नाव ऐकून सगळं संपल्यावरचं वाटतं, पण एरवी ते बॉडी सर्व्हरच्या हाती जायच्या आधीच चालून जातं. खरी जागा म्हणजे रिस्पॉन्सची कॉल_ऑन_क्लोज ही मेथड.

एक्सप्रेसमध्ये सुरुवातीच्याच मिडलवेअरमध्ये रिस्पॉन्सवर दोन इव्हेंट ऐका. 'फिनिश' येतो तेव्हा शेवटचा तुकडा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली झालेला असतो. 'क्लोज' काम पूर्ण झाल्यावरही येतो आणि कनेक्शन मध्येच तुटल्यावरही. फक्त 'फिनिश' ऐकणारा लॉग अर्धवट सोडून गेलेल्यांना मोजतच नाही.

लाराव्हेलमध्ये मिडलवेअरला टर्मिनेट नावाची मेथड द्या. फास्टसीजीआयवर ती रिस्पॉन्स गेल्यावर चालते. पण त्या वेळी मिडलवेअरचा नवाच ऑब्जेक्ट बनतो, त्यामुळे हँडलमध्ये ठेवलेली सुरुवातीची वेळ गायब असते. कंटेनरमध्ये मिडलवेअर सिंगलटन म्हणून नोंदवा.

वर्डप्रेसमध्ये शटडाउन या ॲक्शनवर कोड लावा, तोही मोठ्या आकड्याच्या प्रायॉरिटीवर. बफरमधला मजकूर बाहेर ढकलणारं वर्डप्रेसचं स्वतःचं फंक्शन याच ॲक्शनवर १ या प्रायॉरिटीला बसलेलं असतं; त्याच्या आधी चाललात तर उत्तर अजून आतच असेल. पीएचपी-एफपीएम असेल तर फास्टसीजीआय_फिनिश_रिक्वेस्ट बोलावून वाचकाला मोकळं करा आणि मग लिहा. प्लगइनने सेशन उघडलं असेल तर त्याआधी ते बंद करा, नाहीतर त्याच वाचकाची पुढची विनंती सेशनच्या कुलपाशी अडून बसेल. वाचक सुटला तरी वर्कर सुटलेला नसतो, हे इथेही आहेच. आणि लॉग फाइलचा मार्ग पूर्ण लिहा: अपाचेसारख्या काही सर्व्हरवर शटडाउनच्या वेळी चालू फोल्डर बदललेला असू शकतो, आणि मग अर्धवट मार्गाची फाइल भलतीकडेच तयार होते किंवा होतच नाही.